'सर्वदा आनंद करा' म्हणजे नक्की काय करायचं? रविवारी साक्ष द्यायचीय

गुलबक्षी_घणसोली (बुधवार, रात्री ११:५२)

सर्वांना सलाम. बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

येत्या रविवारी आमच्या चर्चमध्ये महिला मंडळाची उपासना आहे आणि पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितलीय, म्हणजे उभं राहून आपला विश्वासाचा अनुभव सांगायचा. वचन आहे फिलिप्पैकरांस पत्र ४:४, 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा'. मलाच का सांगितलं ते मला कळतंय. अडीच वर्षं झाली, ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, मंगळवार गुरुवार शनिवार डायलिसिस, ठाण्याला. पहिली शिफ्ट असते म्हणून साडेपाचला घर सोडावं लागतं, चार तास मशीनवर, घरी येईपर्यंत दीड दोन वाजतात आणि मग तो माणूस संध्याकाळपर्यंत नुसता पडून. रबाळे एमआयडीसीतली सतरा वर्षांची नोकरी गेली, सुट्ट्या संपल्या आणि कंपनीने हात वर केले. मी पोळीभाजीचे डबे करते, मुलगा दहावीला आहे.

तर लोकांना वाटतं की ही बाई एवढ्यातून जाते तरी रविवारी पहिल्या बाकावर असते म्हणजे हिच्याकडे आनंदाबद्दल सांगण्यासारखं काहीतरी असणार. पण खरं सांगू का, परवा रात्री पिठाचा डबा उघडला तर पीठ संपलेलं, सकाळचे बावीस डबे, आणि मी तिथेच ओट्याला टेकून रडले. मी विश्वासात आहे, प्रार्थना सोडलेली नाही, प्रभूने आम्हाला सोडलंय असंही मला वाटत नाही. पण आनंद? चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलायचं नाहीये मला. नाही म्हणून सांगू का पाळकसाहेबांना?

चेंदणीची_माय (गुरुवार, सकाळी ६:१०)

पोरी नाही म्हणू नकोस. आम्ही कोळीवाड्यातले कॅथलिक, आमच्याकडे साक्ष वगैरे अशी देत नाहीत पण रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, रोज संध्याकाळी. तुझे वार वाचले आणि लगेच मनात आलं ते सांगते. मंगळवारी आम्ही दुःखाची रहस्यं म्हणतो, गेथशेमनी बाग, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस. गुरुवारी प्रकाशाची, ती पोप जॉन पॉल यांनी २००२ साली घातली, माझ्या आईच्या वेळी नव्हती. आणि शनिवारी आनंदाची. तुझ्या नवऱ्याचे तीन वार म्हणजे दुःख, प्रकाश, आनंद. पण माळ तीच गं. मंगळवारी दुःखाची म्हणून वेगळी काळी माळ काढत नाही आपण, त्याच मण्यांवर बोटं फिरतात.

माझे मालक बोटीवर गेले त्याला एकोणीस वर्षं झाली, बॉडी तीन दिवसांनी मिळाली. त्या आठवड्यात शनिवार आला आणि सासूने आनंदाची रहस्यं सुरू केली, मला राग आला होता, आज तरी नको म्हटलं. ती म्हणाली आज शनिवार आहे. बस एवढंच. मी म्हटली तिच्यामागून, रडत रडत म्हटली. तेव्हा कळलं नाही, आता वाटतं त्या दिवशी मला वाटलं असतं म्हणून आनंदाची म्हटली असती तर कधीच म्हटली नसती.

निःशब्द_७ (गुरुवार, सकाळी ९:३५)

राग मानू नका पण मला हे वचन ऐकवत नाही.

माझा मुलगा चार वर्षांचा होता, डेंग्यू झाला, पाच दिवसांत गेला. मातीच्या दिवशी माझ्याजवळ येऊन किमान दहा जणांनी सांगितलं की रडू नकोस, तो प्रभूजवळ आहे, आनंद कर. एका बाईने माझे डोळे स्वतःच्या पदराने पुसले आणि म्हणाली अविश्वासी लोकांसारखा शोक करायचा नाही. मी चर्चच्या क्वायरमध्ये अकरा वर्षं गात होते, त्यानंतर गेले नाही. चर्चला जाते, शेवटच्या बाकावर बसते, आशीर्वादाआधी निघते म्हणजे कुणाशी बोलायला लागत नाही.

गुलबक्षीताई, तुम्ही साक्ष द्या किंवा नका देऊ, पण कुणाला 'आनंद करा' असं सांगू नका एवढीच विनंती. शेवटच्या बाकावर कोण बसलंय ते पुढून दिसत नाही.

पारावरचा (गुरुवार, दुपारी १:२०)

निःशब्द ताई, तुमच्याशी ते फार वाईट वागले. आणि ते वचनाच्या आधाराने वागले असं त्यांना वाटत असेल तर वचनातही ते चूक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो, मूळ प्रश्नाचं उत्तरही त्यातच येईल.

एक म्हणजे लाजराची गोष्ट, योहान ११. येशूला माहीत होतं की आपण दहा मिनिटांत ह्या माणसाला कबरेतून बाहेर बोलावणार आहोत. लाजराच्या बहिणीला, मरियेला, तो म्हणू शकला असता की रडू नकोस, आत्ता बघ. तसं म्हणाला नाही. ती रडते म्हणून तो रडला. ज्याच्या हातात पुनरुत्थान होतं त्याने आधी रडून घेतलं, आणि आपण ज्यांच्या हातात काहीच नाही ते मातीच्या दिवशी लोकांचे डोळे पुसायला जातो. आणि थेस्सलनीकाकरांच्या पत्रात प्रेषित पौल जे म्हणतो ते आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं आहे, शोकच करू नका असं नाही.

दुसरं हे फिलिप्पैकरांचं पत्र, तेही पौलाचंच. चारच अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतात. आनंद हा शब्द त्यात पंधरा सोळा वेळा येतो म्हणून सगळे त्याला आनंदाचं पत्र म्हणतात. पण ते लिहिलंय कुठून? बेड्यांतून. मी राहतो ठाण्यात, सेंट्रल जेलच्या बाजूने रोज जाणं येणं आहे (मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला तो, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांनी तुरुंग केला), त्या भिंतीकडे बघितलं की दर वेळी वाटतं की ह्याच्या आतून कुणी बाहेर पत्र पाठवलं आणि त्यात लिहिलं आनंद करा, तर आपण काय समजू? आणि आपला निकाल काय लागणार, जगणार की मरणार, हे पौलाला लिहिताना माहीत नव्हतं, पहिल्याच अध्यायात तसं आहे.

आता बघा, त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात पौलाचा सोबती एपफ्रदीत याचं आजारपण आहे. मरता मरता वाचला तो. पौल म्हणतो देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे तो गेला असता तर पौल 'आनंद आहे' म्हणून बसला नसता, दुःखी झाला असता आणि तसं कबूल करतो. तिसऱ्या अध्यायात तर सरळ लिहितो की मी हे रडत रडत सांगतो. पान तेच, शाई तीच.

आणि पत्र जातंय फिलिप्पै शहराला. प्रेषितांची कृत्ये १६ आठवा, ह्याच शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत पाय खोड्यात अडकवून टाकलं होतं आणि मध्यरात्री ते गात होते. त्या तुरुंगाचा अधिकारी त्याच रात्री घरच्यांसकट विश्वासात आला. हे पत्र मंडळीत वाचलं गेलं तेव्हा तो माणूस अजून तिथे असेल तर त्याने पौलाच्या पाठीवरचे वळ स्वतःच्या हाताने धुतले होते. त्याला हे वाक्य पोकळ वाटलं नसणार.

गुलबक्षी_घणसोली (गुरुवार, दुपारी ३:४५)

आत्ता ठाण्याहून आलो, हे झोपलेत. ट्रेनमध्ये वाचलं सगळं. निःशब्द ताई, मला काय बोलावं सुचत नाहीये. तुमच्या बाळाचं नाव मनात घेता येत नाही मला, माहीत नाही, पण आज प्रार्थनेत तो होता.

नगरी_काका (गुरुवार, रात्री ८:१५)

गुलबक्षी बेटा, मी मूळचा नगर जिल्ह्यातला, तीस वर्षं झाली कोपरखैरण्याला. १९७२ चा दुष्काळ मी बारा वर्षांचा असताना बघितलाय. विहिरीत उतरून तळाचा चिखल वाटीने काढायचा. आई आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला, आम्हाला सुकडी (दुष्काळात वाटायचे ते कोरडं खाणं) मिळायची आणि ती लाल मिलो ज्वारी, तिची भाकर घशाखाली उतरत नसे. बैल चारा छावणीत मेले, दोन्ही.

त्या वर्षी कापणीचा सण आला. दरवर्षी लोक देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) पहिलं पीक आणायचे, बाजरीची कणसं, भोपळे, कोंबडी, अंडी, आणि उपासनेनंतर लिलाव व्हायचा. त्या वर्षी काय आणणार? पंचांनी ठरवलं सण करायचाच नाही. आजी म्हणाली मी जाणार. तिने पदरात मूठभर सुकडी बांधली, लुगडं धुतलेलं नेसली (धुवायला पाणी नव्हतं, आठ दिवस वापरलेलं पाणी साठवून त्यात धुतलं), आणि देवळात जाऊन ती मूठ वेदीपुढे ठेवली. तिच्यामागून मग लोक आले. कुणी खडी ठेवली, हो, फोडलेली खडी, तीच त्यांची त्या वर्षाची कापणी होती.

पाळकांनी त्या दिवशी बायबलमधला हबक्कूक संदेष्टा वाचला, तिसऱ्या अध्यायाचा शेवट. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. गोठ्यात गुरं नाहीत हे ऐकताना माझ्या बापाने मान खाली घातली ती मला अजून दिसते. आणि आजीने मला कोपर मारून कानात विचारलं, 'तरी' ऐकलास का? घरी आल्यावर परत विचारलं. शेवटपर्यंत काही बिनसलं की ती एवढंच म्हणायची, तरी.

तुझ्याकडे मूठभर काय आहे ते बघ. नसेल तर खडी ने.

रात्रपाळी (शुक्रवार, पहाटे ४:३०)

मी स्टाफ नर्स आहे, डायलिसिस युनिटला सहा वर्षं काढलीत, आत्ता ब्रेकमध्ये लिहितेय. विश्वासाचं वर सगळ्यांनी छान लिहिलंय, मी स्वतः ख्रिस्ती आहे, पण दोन गोष्टी सरळ बोलते.

ताई, पेशंटबरोबर घरचा माणूसही थकतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ओट्याला टेकून एक दिवस रडणं वेगळं. पण झोप उडालीय, जेवण जात नाही, रोज सकाळी उठूच नये वाटतं असं दोन आठवडे झालं तर तो विश्वास कमी पडल्याचा प्रकार नाही, त्याला डॉक्टर लागतो. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट, मराठीत बोलतात. प्रार्थना करा आणि फोनही करा. दुसरं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस होतं ना तुमचं? नसेल तर सेंटरच्या आरोग्यमित्राला भेटा. ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टला नाव घातलंय का, ते हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीकडे (अवयव वाटपाची यादी बघणारी संस्था) जातं.

आणि नाताळ जवळ आलाय, सांभाळा. फराळातलं सुकं खोबरं, काजू, मनुका, संत्री, केळी तुमच्या मिस्टरांना नको, पोटॅशियम वाढतं. दर वर्षी २६ तारखेला आमच्याकडे इमर्जन्सी येतात.

माउली_कळवा (शुक्रवार, सकाळी ७:५०)

राम कृष्ण हरी. मी वारकरी घरातला, तुमच्या धर्माचा नाही, पण धागा रात्रभर डोक्यात राहिला म्हणून लिहितो. आमच्या तुकोबांचं दुष्काळात दुकान बुडालं, थोरली बायको अन्न अन्न करत गेली, आणि ते देवाला म्हणतात बरं झालं दिवाळं निघालं. लहानपणी मला हे पटायचं नाही, बायको गेल्यावर बरं कसं झालं? माझे वडील पॅरालिसिसने आठ वर्षं अंथरुणात होते तेव्हा थोडं कळलं. ते बरं झालं दुःखाला म्हटलेलं नाही, दुःखात जो सापडला त्याला म्हटलेलं आहे.

ऐकलंय की तुमचे रेव्हरंड टिळक म्हणायचे मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तेव्हा पुलाच्या ह्या बाजूने तुम्हाला नमस्कार.

गुलबक्षी_घणसोली (शुक्रवार, दुपारी २:०५)

माउली दादा, नमस्कार पोचला. रात्रपाळी ताई, योजनेतूनच होतं, यादीत नाव मागच्या वर्षी घातलंय, रक्तगट ओ पॉझिटिव्ह म्हणून वेळ लागेल म्हणाले. झोप लागते मला, दमलेली असते त्यामुळे.

काकांनी मूठभर काय आहे ते बघ म्हटलं आणि काल रात्रीपासून तेच शोधतेय. दोन गोष्टी आहेत. लिहू का नको करत होते, फार छोट्या आहेत.

ह्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हाताची शीर आणि धमनी ऑपरेशनने जोडतात, त्यातच सुया टोचतात. ती चालू आहे का हे रोज हात ठेवून बघायचं असतं, आतून रक्त धावतं त्याची थरथर लागते बोटांना, मांजर गुरगुरतं ना हाताखाली तसं. डॉक्टर लोक त्याला थ्रिल म्हणतात. पहिल्या दिवशी सिस्टरनी सांगितलं थ्रिल बंद झालं तर लगेच या, उशीर करू नका, आणि तेव्हापासून मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी हात त्या हातावर ठेवते. अडीच वर्षं, एकही दिवस चुकला नाही. थरथर लागली की मी मनात म्हणते 'प्रभू, तुझे उपकार'. कुणी शिकवलं नाही, तोंडातून निघालं आणि राहिलं. ज्या रात्री पिठाच्या डब्याशी रडले त्याच्या दुसऱ्या दिवशीही म्हटलं होतं. मला आत्ता लिहिताना हे लक्षात येतंय.

दुसरं पाण्याचं. ह्यांना दिवसाला ७५० मिली, त्यात गोळ्यांचं पाणी, भाजीतला रस, सगळं धरून. सकाळी मी बाटली भरून ठेवते. मे महिन्यात घणसोलीत काय उकडतं माहितीये ना, माणूस बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसतो. पण गडी दिवसभर घोट घोट वाचवतो आणि संध्याकाळी सहाला बाटलीत १०० मिली शिल्लक ठेवतो. रोज. त्याचा चहा करायचा, आणि तो दोघांत. मी म्हणते अहो मला हवं तेवढं पाणी आहे, मी वेगळा करून घेते, तर म्हणतात नाही, ह्यातलाच घ्यायचा. अर्धा अर्धा कप, खिडकीत बसून, समोरून ठाण्याची गाडी जाते ती बघत. हे सुरुवातीला दोन महिने माझ्याशीसुद्धा बोलत नव्हते, भिंतीकडे तोंड करून असायचे. मग एक दिवस बाटली पुढे केली आणि म्हणाले, आज उरवलंय. त्या दिवसापासून चालू आहे.

हा आनंद आहे का? मी ह्याला कधी आनंद म्हटलं नव्हतं.

केडगावची_पणती (शुक्रवार, दुपारी ४:४०)

अगं हाच. दुसरा कुठला?

माझी पणजी केडगावला मुक्ती मिशनात वाढली, दुष्काळात आलेली पोर. पंडिता रमाबाईंना तिने बघितलेलं. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत १८८२ मध्ये गेला, आणि जिच्यावर सगळं सोपवायचं ती एकुलती एक मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये. रमाबाई स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. म्हणजे लेकीनंतर नऊ महिने. त्या नऊ महिन्यांत बाई काय करत होती तर बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होती, साध्या बायकांना कळेल असं. लेक गेल्याचं दुःख झालं नसेल का? रोज उठून पुढची ओळ लिहायची, तुझ्या बाटलीसारखंच की ते.

चेंदणीची_माय (शुक्रवार, संध्याकाळी ६:३०)

चहाचं वाचून सहा वाजताच उठून चहा टाकला. आमच्याकडे ह्या रविवारी आगमनकाळाचा (नाताळाआधीचे चार रविवार) तिसरा रविवार, गौदेते म्हणतात त्याला, लॅटिनमध्ये 'आनंद करा', तुझंच वचन. तीन मेणबत्त्या जांभळ्या, तिसऱ्या रविवारची तेवढी गुलाबी. जांभळा उपासाचा, पश्चात्तापाचा. त्याच्या मधोमध ती गुलाबी. तुझ्या साक्षीच्या वेळी मी पेटवते, तलावपाळीच्या सेंट जॉनला.

निःशब्द_७ (शनिवार, रात्री १२:१८)

माझ्या मुलाला पावसाचं पाणी टपात धरायला आवडायचं. ह्या पावसाळ्यात मी एकदा टप बाहेर ठेवला होता. का ठेवला मला सांगता येत नव्हतं, नवऱ्याने विचारलं तर मी चिडले.

तुम्ही बोला ताई. चहाचं बोला.

गुलबक्षी_घणसोली (रविवार, संध्याकाळी ७:०५)

झालं. सगळ्यांना लिहायचं होतं पण दिवसभर माणसं येत होती.

मी सुरुवात लाजरापासून केली, येशू रडला ते आधी वाचलं. म्हटलं ज्यांना आज रडायचंय त्यांनी रडा, मी थांबते. आणि खरंच थांबले जरा. मग पिठाच्या डब्याचं सांगितलं, मग थ्रिलचं, मग बाटलीचं. 'आनंद करा' असं कुणालाही म्हटलं नाही. काकांच्या आजीचा 'तरी' घेतला, नाव न घेता, काका चालेल ना. हे दुसऱ्या बाकावर बसले होते, मी बाटलीचं बोलायला लागले तसं खाली बघायला लागले, माझं इथे काय काढलंस असं घरी येऊन म्हणाले पण रागाने नाही. सात आठ मिनिटं बोलले असेन. पाळकसाहेबांनी नंतर प्रार्थना केली नाही लगेच, नुसते बसून राहिले.

निःशब्द ताई, बोलताना मी शेवटच्या बाकाकडे बघत होते. आमच्या चर्चलाही शेवटचा बाक आहे आणि तिथे एक बाई बसतात, आशीर्वादाआधी जातात. आज मी आधी मागे जाऊन दाराशी उभी राहिले. काही बोलले नाही, त्याही नाही बोलल्या, हातात हात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांचं काय दुःख आहे मला माहीत नाही. पुढच्या रविवारी त्यांच्या बाकावर बसणार आहे.

निःशब्द_७ (रविवार, रात्री ९:४०)

त्याचं नाव आर्यन होतं. तुम्ही लिहिलं होतं ना नाव माहीत नाही म्हणून.

गुलबक्षी_घणसोली (रविवार, रात्री ९:५२)

आर्यन. उद्या पहाटे हातावर हात ठेवेन तेव्हा घेईन.